ओल

पाण्याचा स्वभाव खाली वाहण्याचा, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु ते नेहमी सरळ खालीच जाते, हा मात्र भ्रम आहे. भिंतीत शिरलेले पाणी विटांच्या सांध्यांतून वाट काढते, तुळईच्या कडेने आडवे सरकते आणि जिथे मोकळीक मिळेल तिथे प्रकट होते. म्हणूनच ओल दिसते ती जागा आणि गळतीची खरी जागा यांत कित्येकदा चार-सहा हातांचे अंतर असते. घरात राहणाऱ्याला मात्र डोक्यावरचा डाग तेवढा दिसतो आणि त्या डागाच्या वर जो राहतो, तो चौकशीआधीच अपराधी ठरतो.

इंदूरच्या एका जुन्या वसाहतीतील दुमजली घरात एका हिवाळ्यात असेच घडले. तळमजल्यावर काकू राहत आणि वरच्या मजल्यावर विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक. सारी वसाहत त्यांना मास्तर म्हणे. दोन्ही घरांचा शेजार तीस वर्षांचा. जमिनीतील हौद आणि मोटार दोघांची सामाईक. गच्चीवर टाक्या मात्र दोन, ज्याची त्याला.

एके सकाळी काकू जिना चढून वर आल्या. "मास्तर, तुमच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या स्वयंपाकघरात उतरतंय. देव्हाऱ्याच्या वरच डाग पडलाय," त्या म्हणाल्या. स्वर नेहमीचा नव्हता. पावसाळा सरून दोन महिने झाले होते. त्यामुळे पावसाला दोष देण्याचीही सोय नव्हती. मास्तरांचा मुलगा म्हणाला, "बाबा, उद्याच प्लंबरला बोलावू आणि फरशी फोडून एकदाचं बघून टाकू."

मास्तर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "काकू, आठ दिवस द्या. दोष आमचा निघाला, तर फरशी आम्हीच फोडू. पण फोडण्याआधी पाहू या. आणि एक काम तुमच्याकडेही आहे. रोज सकाळी नातवाला स्टुलावर चढवून त्या डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून घ्या आणि शेजारी तारीख लिहायला सांगा."

काकूंना हे विचित्र वाटले. पण त्यांनी मान डोलावली.

घरातील पाण्याच्या वाटा मोजक्याच असतात. एक वाट टाकीतून नळाकडे येणाऱ्या पाण्याची. तिच्यात दिवसरात्र दाब असतो. म्हणून ती फुटली, तर गळतीही दिवसरात्र चालते. दुसरी वाट सांडपाण्याची. तिच्यात पाणी वापराच्या वेळीच असते; म्हणून तिची गळतीही वापरानंतरच दिसते. यांपैकी दोषी कोण, हे ठरवायला पहार लागत नाही. काठी आणि घड्याळ पुरते.

त्या रात्री सर्वजण झोपण्यापूर्वी मास्तरांनी घरातील नळ बंद असल्याची खात्री केली, गच्चीवर जाऊन टाकीत काठी उभी धरली आणि पाण्याच्या पातळीवर खूण केली. आठ तासांनी, कोणी नळ उघडण्यापूर्वी, पुन्हा पाहिले. पातळी तीन सेंटिमीटरने उतरली होती. टाकीचा व्यास सुमारे एक मीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला जवळजवळ ८ लिटर पाणी. कोणी थेंबही न वापरता एका रात्रीत २४ लिटर पाणी नाहीसे झाले होते. मास्तरांचा चेहरा उतरला. काकूंचे म्हणणे खरे ठरणार, असे दिसू लागले.

तरीही ते पाणी नेमके गेले कुठे, हे कळले नव्हते. मास्तरांनी शौचालयातील फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालायची थोडी नीळ मिसळली आणि अर्धा तास ती टाकी कोणी वापरणार नाही, अशी व्यवस्था केली. अर्ध्या तासाने भांड्यातील पाणी निळसर झाले होते. टाकीच्या तळाचे रबर झिजले होते आणि पाण्याची एक बारीक, निःशब्द धार अखंड वाहत होती. ना थेंबांचा आवाज, ना कुठे ओल. फ्लशचा कॉक बंद करून त्यांनी पुढच्या रात्री काठीची परीक्षा पुन्हा घेतली. सकाळी पातळी जिथल्या तिथे होती.

एक चोर सापडला होता. परंतु काकूंच्या भिंतीवरचा डाग त्याने केलेला नव्हता. फ्लशचे पाणी गटारात जात होते, भिंतीत नव्हे. मग मास्तरांनी न्हाणीघराच्या मोरीचे तोंड कापडाने घट्ट बुजवले, फरशीवर दोन बादल्या पाणी साठवले आणि चार तास तसेच राहू दिले. पाणी हटले नाही. खाली डागही वाढला नाही. जी फरशी फोडायची होती, ती निर्दोष होती.

आठव्या दिवशी मास्तर खाली गेले. पेन्सिलीच्या रेघा एखाद्या झाडाच्या खोडातील वर्तुळांसारख्या एकीबाहेर एक उमटल्या होत्या. पण त्यांच्यातील अंतर सारखे नव्हते. एका दिवशी डाग बोटभर वाढे, दुसऱ्या दिवशी जवळपास तिथेच राही. तारखा वाचता वाचता नातू म्हणाला, "आजोबा, नळाला पाणी येतं त्या दिवशीच वाढतो की हा!"

त्या वसाहतीत नळाला पाणी एक दिवसाआड येई. ते हौदात साठे आणि मग मोटार लावून गच्चीवर चढवले जाई. ती चढती नळी काकूंच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून भिंतीच्या आतून वर गेली होती. मोटार चालू असेपर्यंत तिच्यात दाब असे. मोटार थांबली की दाब उतरे आणि गळती मंदावे. मास्तरांनी मोटार सुरू करायला सांगितली. काकूंनी स्टीलचा पेला भिंतीला लावून त्यावर कान ठेवला आणि त्या हळूहळू सरकत गेल्या. डागापासून चार हात दूर, कोपऱ्याजवळ, त्या थांबल्या. "इथं आवाज येतोय, मास्तर," त्या हलकेच म्हणाल्या.

त्यानंतर प्लंबर आला. हातभर गिलावा काढताच नळीचा गंजलेला सांधा दिसला. दुरुस्तीचे कसब त्याचेच होते आणि ते मास्तरांपाशी नव्हते. मात्र कुठे हात घालायचा हे ठरले असल्याने त्याचे काम अर्ध्या दिवसात आटोपले. नळी सामाईक, म्हणून खर्चही दोघांनी वाटून घेतला. काकू ओशाळून म्हणाल्या, "मी उगाच तुम्हाला बोलले." मास्तर म्हणाले, "उगाच कसं? तुम्ही बोलला नसतात, तर माझी चोरी मला कधी कळली असती?"

हे केवळ विनयाने काढलेले उद्गार नव्हते. रात्रीचे २४ लिटर म्हणजे दिवसाचे ७२ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी मास्तरांच्या घरातून कोणाच्याही नकळत वाहून जात होते. तेही कोणते पाणी? इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी उचलून, विंध्याचा चढ चढवून आणलेले असते. इतक्या कष्टाने वर आलेले पाणी एका झिजलेल्या रबरापाशी हरवत होते.

डाग दिसतो, तेव्हा माणूस खडबडून जागा होतो; जे वाहून जाते आणि डाग पाडत नाही, त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. शोध घेण्याची सवय असेल, तर दुसऱ्याचा न केलेला अपराध जसा पुसला जातो, तसा आपला न दिसलेला दोषही समोर येतो. काकूंच्या भिंतीवरची ओल त्या उन्हाळ्यात वाळली. पेन्सिलीच्या रेघा मात्र त्यांनी रंग देताना मुद्दाम तशाच राहू दिल्या. दोन घरांमधला ओलावा त्या आठ दिवसांत आटला नाही, याची ती खूण होती.