शेक संपले तरी…

अब्बांच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरला सात आठवड्यांत ३५ शेक दिले. गाठ विरली, आम्ही शुक्राना अदा केला. आठव्या महिन्यात आवाज पुन्हा घोगरा झाला, कान ठणकू लागला. “शेकांची सूज असेल,” अब्बा म्हणाले. तरी तपासणीची तारीख आम्ही पाळली. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला. आजार परतला होता. त्याच जागी पुन्हा पूर्ण शेक सहसा देता येत नाहीत, म्हणून स्वरयंत्रच काढावे लागले. मशिदीत अजान देणारे अब्बा आता नुसते ओठ हलवून तस्बीह पढतात. पण ते आमच्यात आहेत, अल्हम्दुलिल्लाह!

वाचकहो, हा आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. बरे वाटले तरी तपासणी चुकवू नका. तंबाखूला घरात थारा देऊ नका. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे.