सहा आठवड्यांचा पगार

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे ब्लाउजांची रीघ लागते. अशाच ऐन हंगामात मोरीत पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. सरकारी रुग्णालयात हाड बसवून प्लास्टर घातलं, तो खर्च झेपला. पण डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे हात हलवायचा नाही," आणि मला घरातल्या पिशव्या आठवल्या. एकतीस ब्लाउजपीस, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. दोन दिवसांत त्यातले वीस बायका परत घेऊन गेल्या. कुणाचं लग्न माझ्या हातासाठी थांबणार?

२०१६ साली मी हडपसरला कपड्यांच्या कारखान्यात होते. पगार आठ हजार. त्यातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १४० रुपये कापले जायचे आणि मालक त्याच्या बाजूने ३८० भरायचा. ते १४० रुपये मला तेव्हा जड वाटायचे. मग टायफॉईड झाला आणि अठरा दिवस अंथरुणात गेले. पहिले दोन दिवस सोडून बाकीच्या दिवसांचा सत्तर टक्के पगार ईएसआयकडून मिळाला. घरात किराणा आला, भिशीचा हप्ता चुकला नाही. पुढे मुलीच्या वेळी नोकरी सोडली आणि घरीच मशीन टाकली. काम तेच, हात तेच. पण आता मालक मीच असल्यामुळे आजारपणाचा पगार देणारं कुणी उरलं नाही.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मी ई-सेवा केंद्रावर गेले. ई-श्रम कार्ड माझ्याकडे होतंच. तिथल्या मुलाने सगळं नीट समजावलं. वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आहे, पण तो अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला. माझं हाड तर जुळणार होतं. श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३००० रुपये पेन्शन मिळते, पण त्यात शिरायचं तर वय चाळिशीच्या आत हवं, मी त्रेचाळीसची. अटल पेन्शनलाही तीच अट. मेले, कायमची लुळी झाले, म्हातारी झाले, तर काही ना काही सोय आहे. सहा आठवडे मशीन बंद राहिली, तर काहीच नाही. आणि आमच्यासारख्यांचं कंबरडं मोडतं ते याच आठवड्यांत. मी सोन्याच्या बाळ्या गहाण टाकल्या.

एकच मालक नसेल तर विमा कसा द्यायचा, हे मला कुणी विचारू नये. माझे सासरे मार्केट यार्डात हमाल होते. आज या गाळ्यावर, उद्या त्या. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायचे, आणि त्यातून हमालांना फंड मिळायचा, सुट्टीचे पैसे मिळायचे. त्यासाठी हमालांना फार झगडावं लागलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

माझ्यासाठी लेव्ही कोण भरणार, हा प्रश्न खरा आहे. ब्लाउज शिवायला आलेल्या बाईकडून मी ती मागू शकत नाही. मग दोन्ही वाटे मीच भरते. आज ईएसआयला कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५, मिळून चार टक्के जातात. मला महिन्याला बारा हजारांच्या आसपास सुटतात, म्हणजे ४८० रुपये झाले. सरकारने त्यातला थोडा भार उचलला तर शेजारची पोळ्या लाटणारी आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही भरतील. आमची कमाई दर महिन्याला वरखाली होते, म्हणून पावत्या मागत बसू नये. दोन-तीन ठरावीक टप्पे करावेत आणि लग्नसराईत वर्षाचे पैसे एकदम भरू द्यावेत. आषाढात माझ्याकडे एवढे पैसे नसतात. खोटं आजारपण कुणी सांगेल म्हणून भीती असेल, तर दाखला ईएसआयच्याच डॉक्टरांचा घ्यावा, मला कारखान्यात असताना घ्यावा लागायचा तसा.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी ईएसआयच्या लाभांची योजना आखण्याची मुभा ठेवलेली आहे, आणि स्वतःचा धंदा करणारे त्या व्याख्येत येतात. ती योजना आखा. पहिल्या दिवशी मी रांगेत असेन, ४८० रुपये घेऊन.