कर्लीच्या खाडीवरील सायंकाळ

दिल्लीत आणि तिच्या आसपासच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या नगरांत वाढणाऱ्या मराठी मुलांना नदी ठाऊक असते. भरती-ओहोटी ठाऊक नसते. त्यांच्या परिचयाची यमुना वजीराबादच्या बंधाऱ्यापासून ओखल्याच्या बंधाऱ्यापर्यंत सुमारे २२ किलोमीटर राजधानीतून वाहते, आणि तिच्यात कोणत्या दिवशी किती पाणी असावे हे पावसाळा सोडला तर बव्हंशी बंधाऱ्याची दारे ठरवतात. समुद्र दिवसातून दोन वेळा नदीच्या भेटीस आत येतो आणि दोन वेळा माघारी जातो, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकातून पाठ होते, पण मनाला पटत नाही. ती पटवून घ्यायची असेल, तर हिवाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह एकदा दक्षिण कोकणात जावे, आणि मालवणच्या दक्षिणेस देवबाग गावी कर्लीच्या खाडीत एक सायंकाळ होडीत घालवावी. दिवस कलता निघावे, सूर्यास्त पाण्यावरून पाहावा, रात्रीचे जेवणही पाण्यावरच करावे आणि मग परतावे, असा हा तीन-चार तासांचा प्रवास आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तो केला.

कर्ली सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेकडे येते. समुद्र अगदी दाराशी आला असता ती दक्षिणेस वळते आणि काही अंतर किनाऱ्याला समांतर वाहून मगच सागरास मिळते. नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये उरते ती वाळूची एक लांबट, चिंचोळी पट्टी. तिच्या उत्तर अंगास तारकर्ली आणि दक्षिण टोकाकडे देवबाग. खाडीच्या पैलतीरावर कोरजाई, मुखापलीकडे भोगवे. वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अलग झालेल्या उथळ पाण्याला भूगोलात खाजण म्हणतात. ओडिशातील चिलिका हे त्याचे आपल्या देशातील विख्यात उदाहरण. कर्ली हे खरोखरीचे खाजण नव्हे, ते नदीचे मुख आहे. परंतु त्या दांड्याच्या आडोशाने येथील पाण्याला खाजणाचीच शांतता लाभली आहे. देवबागेतील घराच्या पश्चिमेच्या पडवीत उभे राहावे तर समुद्राची गाज कानी येते. पूर्वेच्या परसात जावे तर माडाच्या सावल्या अंगावर घेऊन खाडी निश्चल पडलेली असते.

अशा ठिकाणी पाण्यावर जाण्याचा दिवस आपण ठरवावयाचा नसतो. तो पंचांग पाहून ठरतो. कोकण किनाऱ्यावरील नावाडी एक सोपे गणित सांगतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा वा अमावास्या आली की बारा वाजण्याच्या सुमारास. ठिकाणागणिक यात अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो. पण हिशेब ढोबळ असला तरी त्यामागील शास्त्र पक्के आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच लांबते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते, तर अष्टमी-नवमीला दोघांची ओढ परस्परांस छेद देते आणि भांगाची, म्हणजे मंद भरती येते. सूर्यास्ताच्या फेरीला म्हणून नवमी उत्तम. पाणी सायंकाळी भरत असते आणि त्याला जोरही नसतो. चांदणे हवे असेल त्याने शुक्ल नवमी धरावी. तारे हवे असतील त्याने वद्य. आमच्याबरोबरच्या मुलांनी तारे निवडले.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. दिवसा जमीन समुद्राहून अधिक तापते आणि दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन आधी निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. या दोहोंच्या मध्ये, सूर्य मावळल्यानंतर, काही काळ वारा पडतो. यंत्रे नव्हती तेव्हा मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. आज कर्लीत फिरणाऱ्या बहुतेक नौका यंत्राच्या आहेत. शिडाची होडी आम्हाला लाभली ती एका परिचित गाबीत कुटुंबाच्या कृपेने. घरातील वृद्ध तांडेलांनी आपली जुनी लाकडी होडी अजून शिडासह सांभाळली आहे. होडीत पाय ठेवण्यापूर्वीच त्यांनी लहानथोर सर्वांच्या अंगात तरंगजाकिटे चढवली. मुले कुरकुरली, पण आजोबांच्या मुद्रेकडे पाहून गप्प बसली.

पाच वाजण्याच्या सुमारास आम्ही निघालो. डोलकाठीवर शीड चढले, पश्चिमेचा वारा बाजूने त्यात भरला आणि होडी किंचित कलून दक्षिणेस, मुखाच्या दिशेने सरकू लागली. यंत्राचा खडखडाट नसल्यामुळे लहान लहान ध्वनी ऐकू येत होते: नाळेखाली फुटणारे पाणी, सुकाणूची करकर, देवबागेच्या परसात कोणी नारळ सोलत असल्याचा आवाज. पूर्वेच्या काठावर तिवराची झाडी होती. तिच्या टोकदार श्वासमुळ्या चिखलातून वर आलेल्या दिसत होत्या आणि चढत्या पाण्याबरोबर एकेक करून बुडत होत्या. पाणी चढते म्हणजे काय, हे मुलांना कळले ते याच मुळ्या मोजताना. एक खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून गेला; एक ब्राह्मणी घार मुखावर घिरट्या घालीत होती.

दिल्लीत डिसेंबरचा सूर्य साडेपाचच्या आसपास धुरकट हवेत विरून जातो. कोकणात तो सहा वाजून गेल्यावर मावळतो, आणि तोही पूर्ण वर्तुळासह. खाडीतून पाहताना प्रथम तो देवबागेच्या माडांमागे उतरला. झावळ्यांच्या फटींतून सोनेरी पट्टे पाण्यावर पडले. होडी मुखाजवळ पोहोचली तसा माडांचा पडदा सरला आणि उघड्या समुद्रावर त्याचे तांबूस बिंब समोर आले. पाच-सात मिनिटांत ते क्षितिजाला टेकले, चपटे झाले आणि बुडाले. त्यानंतर अल्पावकाशाने शीड सैल पडले. "वारो पडलो," तांडेल म्हणाले. जणू घरातील नेहमीचा पाहुणा ठरल्या वेळी निरोप घेऊन निघाला होता.

मुखाच्या आत, जेथे लाटेचा धक्का पोहोचत नाही अशा जागी, त्यांनी नांगर टाकला आणि डबे उघडले. जेवण घरून रांधून आणलेले होते: तांदळाची भाकरी, तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, शाकाहारी मंडळींसाठी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, भात, आणि गुलाबी सोलकढी. दिल्लीच्या स्वयंपाकघरात आमसुले गावाहून आलेल्या पुड्यांतून जपून वापरावी लागतात. येथे सोलकढीचे पेले पुन्हा पुन्हा भरले जात होते. कंदिलाच्या उजेडात, हेलकावणाऱ्या फळीवर ताट सावरीत जेवताना बोलणे आपोआप कमी होते. उष्टेखरकटे पाण्यात टाकू लागलेल्या मुलाचा हात तांडेलांनी हळूच धरला आणि रिकाम्या डब्याकडे बोट केले.

जेवण आटोपल्यावर त्यांनी कंदील बारीक केला आणि दांड्याकडे पाहत, आम्हाला सौंदर्य वाटत होते त्याचा दुसरा अर्थ सांगितला. ही वाळू कायमची नाही. नदी डोंगरातून वाळू आणते, समुद्र ती ओढून नेतो आणि पुन्हा लोटतो. या देवघेवीतून दांडा उभा राहिला आहे. देवबागच्या समुद्राकडील बाजूस पावसाळी उधाणाने किनारा खचत आला आहे, माड पडले आहेत, आणि घरे राखण्यासाठी दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागले आहेत. मुखाशी वाळूचे एक छोटे बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले असे लोक मानतात आणि त्याला त्सुनामी बेटच म्हणतात. एकीकडे वाळू जाते, दुसरीकडे उगवते. अशा ठिकाणी नदीतून वाळू उपसणे म्हणजे दांड्याच्या शिदोरीतून घास काढणे होय.

पाण्याचीही हीच कथा. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराचा थर करून राहते, आणि विहिरींना ते लागते. उपसा बेताचा असेल तोवर विहीर गोडी राहते. तो अति झाला की खालचे खारे पाणी वर चढते. जवळच मालवणच्या समुद्रात शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याची पायाभरणी केली आणि १६६७ साली जो पुरा झाला, त्या सिंधुदुर्गातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींचे प्रवासी कौतुक करतात. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या ठिकाणी गोड्या घोटाचे मोल काय, हे त्या तीन नावांतच सांगितले आहे. देवबागेत स्नानाला बादलीऐवजी तासभर फवारा सोडून ठेवणाऱ्या पाहुण्याने ती नावे आठवावीत.

तथापि पर्यटन नकोच, असे तांडेल म्हणाले नाहीत. त्यांचा एक मुलगा मासेमारी करतो, दुसरा पाहुण्यांना नौकेने फिरवतो. सुनेच्या हातच्या जेवणाला मागणी आहे. मासळी कमी मिळाली त्या वर्षी पाहुण्यांच्या पैशावर घर चालले. प्रश्न आहे तो पर्यटन कसे असावे, हा. त्याचे एक उत्तर याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मिळते. तेथे 'स्वामिनी' या महिला बचतगटाने २०१७ मध्ये कांदळवन दर्शनाची सहल सुरू केली. स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात आणि झाडांची व खेकड्यांची ओळख करून देतात. ज्या झाडीला पूर्वी सरपणाचे मोल होते, तिला उभी ठेवण्यातच आता कुटुंबाची मिळकत आहे.

परतताना शिडाचा उपयोग नव्हता. तांडेलांनी वल्ही हाती घेतली. भरतीचा उरलासुरला ओघ आम्हाला आत नेत होता. काळोख दाट होता. वल्ह्याच्या प्रत्येक घावाबरोबर पाण्यात क्षणभर निळसर ठिणग्या उमटत होत्या. हलवताच प्रकाशणारे हे सूक्ष्म समुद्रजीव हंगाम असेल तेव्हाच दिसतात, आणि काठावर झगमगाट असेल तर मुळीच दिसत नाहीत. गावाजवळ येताच एका अंगणातील प्रखर दिवे खाडीवर पडले आणि ठिणग्या नाहीशा झाल्या. मुलांनी त्या दिव्यांकडे नाराजीने पाहिले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. १९९८ पासून संपूर्ण मार्गावर चालू असलेल्या कोकण रेल्वेचे कुडाळ हे सोयीचे स्थानक. तेथून मालवण सुमारे ३० किलोमीटर, आणि पुढे तारकर्लीवरून देवबागेस सडक आहे. चिपी येथील विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला; त्याच्या वेळापत्रकाची आधी चौकशी करावी. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पावसाळ्यामुळे जलपर्यटन बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परवाना असलेली नौका घ्यावी, क्षमतेहून एकही माणूस अधिक बसू देऊ नये आणि तरंगजाकीट अंगातून काढू नये. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांना प्राण गमवावे लागले, हे विसरता कामा नये. नावाडी आज नको म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

शहरातल्या माणसाला वाटते की सुटी आपली आहे, पैसे आपण मोजले आहेत, तेव्हा सूर्यास्तही आपल्या सोयीने मिळावा. कर्लीची खाडी हा गैरसमज नम्रपणे दूर करते. तेथे भरती चंद्राच्या वेळेने येते, वारा सूर्याच्या वेळेने पडतो आणि पायाखालची वाळू नदीच्या इच्छेने टिकते. या तिघांच्या वेळा सांभाळून कित्येक पिढ्या त्या चिंचोळ्या पट्टीवर संसार करीत आल्या आहेत. त्यांच्या घरी चार दिवस जाणाऱ्याने त्यांच्याच रीतीने राहावे, बेताने पाणी वापरावे, रात्री दिवे मंद ठेवावेत आणि नेलेला कचरा परत आणावा. एवढे प्रत्येकाने केले, तर आज होडीत मुळ्या मोजणारी मुले उद्या आपल्या मुलांना घेऊन तेथे जातील, तेव्हा त्यांना माडांमागे उतरणारा सूर्यही दिसेल आणि माडही दिसतील.