परत चढता येतं का?

कयाकवरून मासे पकडायला जातो असं हापिसात सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "मोठा मासा लागला आणि ओढून घेऊन गेला तर?" दुसरा अर्थातच शार्कचा. खरा प्रश्न मात्र फार कंटाळवाणा आहे, म्हणून तो कुणी विचारत नाही. होडी उलटली तर परत चढता येतं का? आणि त्याचा उपप्रश्न: शेवटचं कधी चढून पाहिलं होतंस?

तर मंडळी, आजचं पुराण याच उपप्रश्नावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी बे एरियात राहतो. हाफ मून बेच्या उत्तरेला पिलर पॉइंट नावाचं बंदर आहे. मॅव्हरिक्सच्या त्या प्रसिद्ध अजस्र लाटा फुटतात ते याच्याच बाहेर, हिवाळ्यात. आम्ही जातो तेव्हा समुद्र शहाण्यासारखा वागत असतो. बंधाऱ्याच्या बाहेर खडकाळ तळावर रॉकफिश आणि लिंगकॉड मिळतात. रॉकफिशचं आंबट-तिखट कालवण उत्तम होतं. असो, तो वेगळा लेख.

आमच्या कयाक 'वर बसायच्या' जातीच्या. म्हणजे खाली हवाबंद पोकळ प्लास्टिक आणि वर सीट. झाकणं नीट लावलेली असली आणि सांगाडा कुठे तडकलेला नसला तर ही होडी उलटली तरी बुडत नाही. दुकानातला विक्रेताही हेच सांगतो आणि खरंच सांगतो. फक्त होडी बुडत नाही म्हणजे माणूस बुडत नाही असं नव्हे. शिवाय मासेमारीच्या कयाक मुद्दाम रुंद केलेल्या असतात, उभं राहून गळ टाकता यावा म्हणून. आता जी होडी सरळ असताना ढिम्म हलत नाही, ती उलटी झाल्यावरही तितक्याच प्रेमाने उलटी राहते! पायडलवाल्या मॉडेलचं वजन तर सगळा सरंजाम धरून पन्नास किलोच्या पुढे सहज जातं. मालवणच्या होडीला बाजूला उलांडी असते, हिला तीही नाही.

दुसरी गोष्ट पाणी. कॅलिफोर्निया म्हटल्यावर डोळ्यांसमोर ऊन येतं, पण इथलं पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंश सेल्सियस असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेक्ट यांनी गार पाण्यासाठी एक सोपं सूत्र लोकप्रिय केलंय: १-१०-१. पहिल्या एका मिनिटात श्वास ताब्यात आणा, कारण थंडीच्या धक्क्याने तोंड आपोआप उघडतं आणि ते पाण्याखाली उघडलं तर खेळ खलास. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. हे आकडे बर्फाळ पाण्याचे आहेत, आमच्याकडे थोडी सवलत मिळते. पण क्रम तोच. लोकांना भीती त्या तासाची वाटते, आणि निकाल लागतो त्या दहा मिनिटांत. बोटं बधिर झाली की पट्टा धरता येत नाही, आणि मग होडी एका हातावर असूनही उपयोग नाही.

त्यामुळे कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे. वेटसूट किंवा ड्रायसूट, बाहेर कितीही ऊन असो. आणि लाइफ जॅकेट अंगावर. कायद्याने मोठ्या माणसाचं जॅकेट नुसतं होडीत असलं तरी चालतं. पण अमेरिकन कोस्ट गार्डच्या वार्षिक अहवालांत गेली काही वर्षं सातत्याने दिसतं की, बुडून गेलेल्या ज्या लोकांबद्दल माहिती मिळाली त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांनी ते घातलेलं नव्हतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना एका वाक्यात सांगायचं तर: रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. यूट्यूबवर परत चढण्याचा व्हिडिओ पाहणं म्हणजे बॅकअपचा जॉब हिरवा दिसणं. पंधराव्या मिनिटाला, दमलेल्या अंगाने, सामान भरलेल्या होडीवर चढता आलं तर ते रिस्टोअर.

म्हणून दर सीझनच्या सुरुवातीला आम्ही दोघं, मी आणि माझा एक जुना मित्र, बंधाऱ्याच्या आत, काठापासून वीसेक मीटरवर, वारा किनाऱ्याकडे असताना मुद्दाम उलटतो. एक जण पाण्यात, दुसरा आपल्या होडीवर कोरडा आणि सावध. रॉड नेहमीच्या जागी, पण गळ काढलेले.

कृती सांगायला सोपी आहे. पलीकडची कड धरून, अंग मागे टाकून होडी सुलटी करायची. मग सीटपाशी येऊन पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे आणि जोरात मारायचे. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. माणूस भिंतीवर चढल्यासारखा हातांनी स्वतःला वर ओढतो, पाय होडीखाली जातात आणि होडी परत अंगावर येते. स्वतःला वर ओढायचं नाही, होडीला पोटाखाली दाबून घ्यायचं. मग पोट, कुल्ला, पाय, याच क्रमाने.

रिकाम्या होडीवर हे जमतं. सामानासकट वेगळीच गंमत. जॅकेटच्या खिशातली पक्कड कडेला अडकते, रॉडचे होल्डर बरगड्यांत घुसतात, मागचा क्रेट नेमका पाय टाकायच्या जागी असतो. पहिल्या सरावानंतर मी छातीवरचे खिसे रिकामे केले आणि एक बाजू पूर्ण मोकळी ठेवली. जॅकेटवर फक्त चाकू, शिट्टी आणि व्हीएचएफ रेडिओ. रेडिओ होडीत ठेवून उपयोग नाही, कारण वारा होडीला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने नेतो.

मित्राचं सांगतो (त्याला विचारूनच लिहितोय). हा साताऱ्याकडच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेला. पट्टीचा पोहणारा. गेल्या वसंतात पहिल्या वेळी तो आरामात चढला. दुसऱ्यांदा धापा टाकत. तिसऱ्यांदा छाती होडीवर आली, तिथेच थांबला, आणि हळूच परत पाण्यात गेला. चौथ्यांदा तेवढंही नाही. अंगात चांगला जाड वेटसूट होता, काठ समोर दिसत होता, आणि त्याचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. मी त्याची होडी माझ्या होडीला लावून घट्ट धरली, तेव्हा वर आला.

काठावर थर्मासमधला चहा संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग म्हणाला, "पोहता येण्याचा काही संबंधच नाही रे याच्याशी."

त्या दिवशी आम्ही बंधाऱ्याबाहेर गेलो नाही. नंतर त्याने जाड पट्ट्याचा फास करून घेतला, घोड्याच्या रिकिबीसारखा. सीटच्या पट्ट्याला अडकवायचा, पाण्यात सोडायचा आणि त्यात पाय देऊन चढायचं. वापर झाला की लगेच आवळायचा, नाहीतर तोच पायात गुंततो.

माझ्या बायकोने हा सगळा कार्यक्रम एकदा काठावर खुर्ची टाकून पाहिला. ती पोहत नाही, मासे खाते. घरी आल्यावर तिने फ्रिजवर कागद लावला: कुठून निघणार, कुठपर्यंत जाणार, होडीचा रंग, परतायची वेळ, आणि खाली "या वेळेनंतर मी कोस्ट गार्डला फोन करणार, तू चिडलास तरी." आता दर वेळी निघताना तो भरतो. न भरता गाडीची किल्ली मिळत नाही.

मित्र आता रिकिबीने तीनांपैकी दोनदा चढतो. तीनांपैकी तीनदा होईपर्यंत बाहेर येणार नाही म्हणतो. तोवर मी बाहेर जातो त्या शनिवारी तो धक्क्यावर खेकड्यांची जाळी टाकून बसतो, आणि खरं सांगायचं तर त्याची पिशवी माझ्यापेक्षा जड असते.