घराचं वय आणि बंदूक

घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यावी का, हा विषय सोलापुरात बहुधा उन्हाळ्यात निघतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, भिंती रात्रभर वाफा टाकतात आणि माणसं अंथरूण-पांघरूण घेऊन गच्चीवर झोपायला जातात. खालच्या दाराला कुलूप असतं. सकाळी खाली यावं तर कडी-कोयंडा उचकटलेला आणि कपाट उघडं. अशी एखादी बातमी आली की गल्लीत चार दिवस तीच चर्चा चालते. शहराबाहेर भीतीचं रूप वेगळं असतं. माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, माढा या भागांत माणसं गावात कमी आणि शेतातल्या वस्तीवर जास्त राहतात. चहूबाजूंनी ऊस असतो, शेजारचं घर हाकेच्या टप्प्याबाहेर असतं आणि शेतीची वीज रात्री येणार म्हणून घरातला कर्ता पुरुष मोटार चालू करायला विहिरीवर गेलेला असतो. त्या वेळी घरात म्हातारी माणसं, सून आणि लेकरं एवढीच असतात. ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण भीतीने विचारलेला प्रश्न नेहमी एका रात्रीपुरता असतो. बारा बोरची दुनळी घ्यावी की पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, असं माणूस विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती एकच रात्र असते. घेतलेलं शस्त्र मात्र त्या घरात तीस-चाळीस वर्षं राहतं. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. हत्यार निवडताना दरोड्याच्या रात्रीचा विचार होतो, आणि व्हायला हवा तो घराच्या पुढच्या सगळ्या वयांचा.

आधी हाताशी काय असतं ते पाहू. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत परवाना मिळतो. सोलापूर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो, वैद्यकीय दाखला लागतो, प्रशिक्षण घेतल्याचा कागद लागतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं बाळगता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतात ती बारा बोरची बंदूक, पॉइंट तीनशे पंधराची रायफल, पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आहे, तिला कायद्यात वेगळी जागा आहे. आता यांतलं प्रत्येक शस्त्र सोलापूरच्या घरात नेऊन ठेवून पाहा. पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर, दोन घरांत मिळून एकच भिंत. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या वसाहतींत हजारो लहान घरं एकमेकांना लागून आहेत. रायफलची गोळी अशा ठिकाणी चोराला लागो न लागो, ती दार, पत्रा किंवा खिडकी भेदून कुणाच्या तरी अंथरुणापर्यंत जाऊ शकते. दुनळीचे छर्रे तितके लांब जात नाहीत, पण लांब नळीची बंदूक दहा बाय बाराच्या खोलीत, अंधारात, शेजारी मूल झोपलेलं असताना फिरवणं सोपं नसतं. रिव्हॉल्व्हर हातात मावतं, आणि मावतं म्हणूनच ते सर्वांत धोक्याचं. ते उशाखाली जातं, गाडीच्या डिकीत जातं, लग्नाच्या वरातीत जातं. शिवाय नेम धरायला ते सर्वांत अवघड. वर्षाला किती काडतुसं घ्यायची हे परवान्यावर ठरलेलं असतं, आणि बहुतेक परवानाधारक त्यांतलीही सरावासाठी खर्च करत नाहीत.

आता घराचं वय. बंदूक येते तेव्हा घरधनी पस्तिशी-चाळिशीचा असतो. हात स्थिर, डोकं ठिकाणावर, धंदा चालू. पाच वर्षांत मुलगा दहा वर्षांचा होतो आणि वडील किल्ली कुठे ठेवतात हे त्याला आईपेक्षा आधी कळतं. आणखी सहा-सात वर्षांनी तोच मुलगा बारावीच्या निकालाची वाट पाहत असतो, किंवा पहिल्या प्रेमातून उठलेला असतो. मग कधी चादरीचा धंदा बसतो, कधी डाळिंबावर तेल्या येतो, बँकेची नोटीस येते, कर्ता माणूस रात्र-रात्र जागतो. भावाभावांत बांधावरून किंवा वाटणीवरून वाद पेटतो. कुणाला दारू लागते. पुढे म्हातारपण येतं, विस्मरण येतं, संध्याकाळी स्वतःचा नातू ओळखू येत नाही. या सगळ्या काळात घरातलं प्रत्येक माणूस बदलत राहतं. कपाटातली बंदूक मात्र पहिल्या दिवशी होती तेवढीच तयार असते. परवाना देताना अधिकाऱ्याने पाहिलेला माणूस आणि वीस वर्षांनी ती हाती घेणारा माणूस एकच असेल, याची खात्री कोणताही दाखला देऊ शकत नाही.

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत या प्रश्नावर दीर्घ संशोधन झालं आहे. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की ज्या घरात बंदूक आहे तिथे घरातच खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट होती, आणि मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा होता. त्याच संशोधकाच्या १९९८ च्या अभ्यासात घरातल्या बंदुकांनी झालेल्या गोळीबाराचा हिशेब मांडला आहे. स्वसंरक्षणाच्या एका प्रसंगामागे चार अपघात, सात हल्ले किंवा खून आणि अकरा आत्महत्या किंवा तसे प्रयत्न. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लाखो लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या. २०२२ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तो बंदूक घेणाऱ्याबद्दल नसून त्याच्यासोबत राहणाऱ्यांबद्दल आहे. पिस्तूलधारकाच्या घरात राहणाऱ्या, पण स्वतः शस्त्र नसलेल्या माणसांचा खून होण्याचं प्रमाण शस्त्र नसलेल्या घरांतल्या माणसांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. घरात जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट होतं, आणि असे बळी बहुतांशी बायका होत्या. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी शस्त्र आणलं, तेच त्याच्या तोंडाशी उभे होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे अमेरिकेचं, आपलं काय? आक्षेप रास्त आहे, तिथे बंदुका फार आहेत आणि परवान्याची अट बहुतेक ठिकाणी ढिली आहे. पण बंदुकांची संख्या निराळी असली तरी राग, दारू, कर्ज आणि दुःख तिथलं निराळं नाही. दुसरा आक्षेप याला जोडूनच येतो. ज्याला जीव द्यायचाच आहे तो दुसरा मार्ग शोधेल, बंदुकीला दोष का द्यायचा? इथे पुरावा अगदी स्पष्ट आहे. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांना सुटीवर जाताना शस्त्र घरी नेण्यास मनाई केली आणि जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत त्या देशातल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. साधन हाताशी नसलं तर घातक क्षण बऱ्याचदा टळतो, माणूस सावरतो, कुणीतरी येऊन पोचतं. गोळी त्याला तेवढी उसंत देत नाही. ज्या महाराष्ट्राने शेतकऱ्यांची इतकी मरणं पाहिली आहेत, त्या महाराष्ट्राला हे परक्या देशाचं शास्त्र वाटू नये.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसाचा असतो. बंदूक तिजोरीत ठेवू, काडतुसं वेगळी ठेवू, किल्ली कमरेला ठेवू. हे करायलाच हवं, शस्त्र आहे तिथे यापेक्षा कमी काहीही चालणार नाही. पण मग दरोड्याच्या रात्रीचं गणित पुन्हा मांडा. माणसं गच्चीवर, तिजोरी खाली, काडतुसं दुसऱ्या कपाटात, वीज गेलेली. बंदूक जितकी सुरक्षित तितकी ती त्या क्षणी निरुपयोगी, आणि जितकी तयार तितकी घरच्यांना घातक. या पेचातून सुटण्याचा रस्ता कोणत्याही बोरमध्ये नाही. त्यात घरफोडी म्हणजे बहुधा बंद घर फोडणं. लग्नाला, पंढरीला, तुळजापूरला माणसं गेली असताना चोर येतो, आणि सोन्याबरोबर बंदूकही घेऊन जातो.

अंधारात समोर कोण आहे हे ओळखण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. रात्रपाळी संपवून उशिरा आलेला मुलगा, पाणी आलं का पाहायला उठलेली सासू, दार चुकलेला शेजारी. सावली सगळ्यांची सारखीच दिसते. आणि परका असला तरी तो चोरच असतो का? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी ती माणसं होती, आणि बहुतेक जण आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. भीतीने त्यांच्यात चोर पाहिले. सोलापूरला हे कळायला वेळ लागू नये. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच शहरात तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये, ठेवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सेटलमेंट हे नाव अजून पत्त्यांत आहे आणि संशय अजून नजरेत आहे. जमावाच्या हातात लाठ्या होत्या. घाबरलेल्या एकट्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक असेल तर विचारपूस करण्याइतका वेळही उरत नाही.

कायदा स्वसंरक्षण नाकारत नाही, हेही नीट सांगायला हवं. भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमानुसार जबरी चोरी किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत होणारी घरफोडी रोखताना हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जाऊ शकतो. त्याच संहितेचं ३७ वं कलम मात्र बजावतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला कोर्टात हे कलम आठवावं लागेल.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मी टाळणार नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या आयुध निर्माणीने निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आणलं, खास बायकांसाठी म्हणून. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. विडी वळणाऱ्या बाईला ते कधीच परवडणार नव्हतं, पण खरी अडचण पैशांची नाही. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जवळपास तीस टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्या घरात हात उगारला जातो त्या घरात शस्त्र आलं, तर ते कुणाच्या ताब्यात राहील? परवाना कुणाच्याही नावावर असो, कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे आपल्याला ठाऊक आहे.

इतिहासाच्या अंगाने येणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केलं आणि युरोपियनांना मोकळीक दिली. सुरुवातीच्या काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. मे १९३० मध्ये याच सोलापुरात पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. निःशस्त्र प्रजेचा अपमान या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. पण तो लढा समान नागरिकत्वासाठी होता. आज परवाना मिळवण्याची ताकद कुणाकडे आहे ते पाहिलं तर शस्त्राने समानता वाढते असं म्हणवत नाही. पुढारी, ठेकेदार, बागायतदार यांच्या कमरेला ते दिसतं, आणि ते दिसावं म्हणूनच बऱ्याचदा घेतलेलं असतं.

तरीही अपवाद आहेत. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने तिघांचा जीव घेतला, त्यांत एक लहान मुलगी होती. ऊसतोडीच्या दिवसांत माणसं फडात जायला धजेनात. शेवटी वन विभागाच्या परवानगीने त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ती नेमबाजाने घातली, ठरलेल्या कामासाठी. एकाकी वस्तीवर राहणाऱ्या, ज्याला खरोखर नाव घेऊन धमकी आलेली आहे अशा माणसाला परवाना नाकारावा असं मी म्हणणार नाही. त्याने प्रशिक्षण खरंखुरं घ्यावं, नुसता कागद मिळवू नये, आणि दुनळी निवडावी, रिव्हॉल्व्हर नाही. लांब बंदूक खिशात जात नाही, रागाच्या भरात लपवून नेता येत नाही, लहान मुलाच्या हाताला सहज पेलत नाही.

बाकीच्यांनी तोच पैसा दुसरीकडे लावावा. आतून लोखंडी जाळीचं दार, सौर दिवा, भुंकणारं कुत्रं, दागिने बँकेत, आणि शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवणं. ग्रामीण भागात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे मोबाईल एकाच वेळी वाजतात. चोर पळतो तो जाग आल्याने. गाव जागं करणारी ही यंत्रणा घरातल्या कुणालाही इजा करत नाही, मग त्या घराचं वय काहीही असो.

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची बंदूक आहे त्यांनीही तिचा विचार करावा. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि ती घरं कित्येक आठवडे त्यांच्याविना राहतात. मग घरात कुणी खचलेलं असेल, पिणं वाढलं असेल, वाटणीचा दावा कोर्टात असेल, तर निवडणुकीची वाट पाहायचं कारण नाही. परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे ती ठेवता येते. परवानाधारक वारला असेल तर वारसांनी विनाविलंब ती जमा करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पुढे परवाना कुणी आपल्या नावावर मागायचा का, हे ठरवायला घराने एकत्र बसावं, आणि त्या बैठकीत सुनेलाही विचारावं.