बारा फोटोंचा रोल

मागच्या पावसाळ्यात स्टुडिओच्या माळ्यावरून बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. ओल लागण्याआधी निगेटिव्ह कोरड्या जागी हलवायच्या, एवढंच डोक्यात होतं. एका खाकी पाकिटावर बाबांच्या अक्षरात ‘पोहरादेवी, रामनवमी, १९७९’ असं लिहिलेलं होतं. आतली पट्टी लाइट पॅनलवर ठेवली, भिंग लावलं. ओट्यावर बसलेली एक बंजारा बाई. कपाळाच्या दोन्ही अंगांना टोपली नावाचा दागिना, त्याला लोंबणाऱ्या घुगऱ्या, अंगात कांचळी म्हणजे आरशांची चोळी, दंडापर्यंत बलिया, म्हणजे पांढऱ्या बांगड्या. भिंग कांचळीवर सरकवलं आणि तिथेच थांबलो. एकेका आरशाभोवतीचा दोरा दिसत होता. टाके मोजता येत होते.

त्याच रात्री २००९चे माझे फोटो उघडले. तीच पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, तसाच पोशाख, माझा पहिला डिजिटल कॅमेरा. फोटो मोठा करत गेलो तर आरशाभोवती नुसता रंगीत चिखल. टाका नाही, दोरा नाही. तीस वर्षांनी नवं यंत्र घेऊन मी बाबांपेक्षा कमी टिपून आणलं होतं, आणि त्या फोटोंतल्या कितीतरी म्हाताऱ्या आता नाहीत. मीडियम फॉरमॅट घ्यावा का, हा प्रश्न माझ्याकडे त्या रात्री आला. कुठल्या जाहिरातीतून आला नाही. म्हणून तो मी सहजासहजी सोडलाही नाही.

आधी मापाचं बोलू. बाबांचा कॅमेरा याशिका मॅट १२४जी. हे मॉडेल १९७०ला बाजारात आलं. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा. हा रोल कोडॅकने १९०१मध्ये काढला आणि तो आजही मिळतो. रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरच्या बारा निगेटिव्ह निघतात. प्रत्यक्षात मोजलं तर ५६ बाय ५६ मिलिमीटर. आपण लग्नात वापरतो त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४. म्हणजे बाबांची निगेटिव्ह साडेतीन पटींहून मोठी. आता फुजीच्या जीएफएक्स मालिकेतला किंवा हॅसलब्लॅडच्या एक्स मालिकेतला सेन्सर घ्या. तो साधारण ४४ बाय ३३. फुल फ्रेमच्या पावणेदोन पटींना थोडा कमी, पण बाबांच्या निगेटिव्हच्या निम्म्याहूनही लहान. नाव दोघांचं एकच, मीडियम फॉरमॅट. खरेदीला निघालेल्या माणसाने हे आकडे आधी कागदावर मांडावेत असं मी सगळ्या पोरांना सांगतो. पावणेदोन पट क्षेत्रफळ म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात पाऊण स्टॉप. एवढंच.

‘मीडियम फॉरमॅटचा लुक’ म्हणून जे सांगतात, मागचं सगळं विरघळलेलं आणि चेहरा पुढे आलेला, त्याचंही तसंच आहे. जीएफएक्सची ११० एमएम एफ/२ लेन्स फुल फ्रेमवरच्या ८७ एमएम एफ/१.६सारखी वागते. माझ्याकडे ८५ एमएम एफ/१.४ आहे. मागचं पुसायचंच असेल तर ते माझ्या आहे त्या कॅमेऱ्यावर जास्त पुसलं जातं. आणि मला तर मागचं पुसायचं नव्हतंच. मला टाका हवा होता.

धंद्याच्या बाजूने उत्तर लवकर मिळालं. आमच्या मानोऱ्यातली आणि आसपासच्या खेड्यांतली लग्नं हा माझा वर्षाचा आधार. सोयाबीन आणि तुरीला भाव मिळाला तर अल्बम जाड होतो, नाहीतर पानं कमी होतात. आमच्याकडे करिझ्मा अल्बमचं पान उघडलं की बारा बाय छत्तीस इंच. त्यात एक फोटो बहुतेक वेळा अर्ध्या पानाचा, बारा बाय अठरा. तीनशे डीपीआयने त्याला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ४००० बाय ६००० मिळतात. काम भागलं, वर थोडी कापाकापीही होते. उलट १०२ मेगापिक्सेलची १६ बिटची एक फाइल न दाबता ठेवली तर २०० एमबीच्या आसपास जाते. हळदीपासून वरातीपर्यंत तीन हजार क्लिक धरा, सहाशे जीबी झाले. दाबून निम्मे करा, तरी एका लग्नाचे तीनशे. त्या फाइल उघडताना आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बॉडी आणि दोन लेन्स मिळून नव्या ट्रॅक्टरच्या किमतीजवळ पोचतात, आणि ट्रॅक्टर निदान शेजाऱ्याच्या वावरात भाड्याने जातो. लग्नासाठी मीडियम फॉरमॅट नाही. कोणी विचारलं तर मी यापुढचं वाक्यही बोलत नाही.

पण पेटीतली ती बाई डोक्यातून जात नव्हती.

५ ऑक्टोबर २०२४ला पोहरादेवीला नंगारा या वाद्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. त्यानंतर तांड्यांवरची तरुण पोरं स्टुडिओत येऊन एक वेगळीच मागणी करू लागली. आजीचा फोटो काढून द्या, अंगावरच्या सगळ्या दागिन्यांसकट, आणि माणसाएवढा मोठा करून द्या. माणसाएवढा म्हणजे बसलेल्या बाईचा साठ इंच उंच प्रिंट. चोवीस मेगापिक्सेलमधून तेवढ्या उंचीला इंचाला शंभर पिक्सेल पडतात, १०२मधून १९४. आमच्या धंद्यात यावर ठरलेलं उत्तर आहे: मोठा फोटो माणूस लांबून बघतो, शंभर पुष्कळ झाले. चौकातल्या फ्लेक्सला तर त्याहून कितीतरी कमी चालतात. लग्नाच्या हॉलसाठी, नेत्याच्या वाढदिवसासाठी हे खरं आहे. तांड्यावर खरं नाही. बाबांच्या निगेटिव्हचे मी मॅक्रो लेन्सने चार तुकड्यांत फोटो घेतले, जोडले, चाचणीचा एक प्रिंट मारला आणि तांड्यावर नेला. बाया लांब उभ्या राहिल्याच नाहीत. सरळ प्रिंटला नाक लावलं. ज्यांनी आयुष्यभर हे काम हाताने केलं त्या भरतकाम असंच बघतात, जवळून, बोट फिरवून. बघणारा किती अंतरावर उभा राहणार, ते लॅबच्या तक्त्यात नसतं. बघणारा कोण आहे त्यावर ते ठरतं.

मग आधी फुकटचा मार्ग करून पाहिला. आहे त्या कॅमेऱ्यावर वरून खाली चार फोटो घ्यायचे आणि जोडायचे. अंथरलेल्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, भिंतीला लटकवलेल्या कांचळीवर हे उत्तम जमतं. नुसतं कापड नोंदवायचं असेल तर कोणी एक रुपयाही खर्च करू नये. पण कापड अंगावर आलं की गोष्ट बदलते. बाई श्वास घेते, डोक्यावरचा घुंगटो वाऱ्याने हलतो, आणि मुख्य म्हणजे आरसे. मान दोन रेघा हलली तरी एका आरशातला सूर्य विझतो आणि शेजारचा पेटतो. जोडलेल्या फोटोत एकाच कांचळीवर दोन वेगवेगळ्या क्षणांचं ऊन पडलं होतं. कॉम्प्युटरने सांधा बेमालूम लपवला होता, पण मला तो दिसत होता. जिवंत माणूस एकाच क्लिकमध्ये घ्यावा लागतो.

म्हणून यंदा रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात नागपूरहून १०२ मेगापिक्सेलची बॉडी आणि ११०ची लेन्स दोन दिवस भाड्याने आणली.

पहिला दिवस वाया गेला, आणि चूक माझी होती. लग्नातल्या सवयीने मी लेन्स उघडी ठेवली. अडीच मीटरवरून एफ/२ला कडक मापाने जेमतेम तीन सेंटीमीटर खोली धारदार मिळते. डोळा सापडला तर टोपली गेली, टोपली सापडली तर डोळा गेला. घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं तेव्हा चेहरा सुंदर होता आणि ज्या दागिन्यासाठी एवढा खटाटोप केला तो धुक्यात होता. दुसऱ्या दिवशी एफ/८ला आलो. खोली बारा सेंटीमीटरच्या आसपास झाली. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत पुरते. पण कडुनिंबाच्या सावलीत एफ/८ला शटर १/६०वर उतरलं, आणि एवढ्या पिक्सेलवर सत्तरीच्या माणसाची नुसतं बसल्या जागचं डुलणंही नोंदलं जातं. १/२५० हवं होतं. म्हणजे आयएसओ ४००. पाऊण स्टॉपची जी कमाई पैसे मोजून आणली होती, ती इथेच खर्च होऊन वर उधारी झाली. आयएसओ वाढवायचा नसेल तर फ्लॅश लागतो. जीएफएक्सचा फ्लॅश सिंक १/१२५. शटर बॉडीत पडद्याचं असल्यामुळे तसं होतं. हॅसलब्लॅडच्या एक्स मालिकेत शटर लेन्सच्या आत असतं, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. बाबांच्या याशिकातही कोपालचं लीफ शटर होतं, १/५००ला सुद्धा फ्लॅश जुळायचा, म्हणजे भर उन्हातही तो वापरता यायचा. दुपारच्या उन्हात बायांच्या डोळ्यांखालच्या सावल्या बाबांच्या फोटोंत इतक्या मऊ कशा, याचं कोडं मला लहानपणापासून होतं. त्या दिवशी तांड्यावर उभ्या उभ्या ते सुटलं.

आणखी एक गोष्ट मी बाबांकडूनच परत घेतली. याशिकात वरून, पोटापाशी कॅमेरा धरून, मान खाली घालून बघायचं. होमाई व्यारावालांनी रोलीफ्लेक्सवर काम केलं, तेही याच पद्धतीने. कॅमेरा छातीखाली असतो, फोटो काढणाऱ्याचं तोंड उघडं राहतं, आणि समोरच्या माणसाला ते दिसतं. भाड्याच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन उचलता येत होता. तो उचलून मी कॅमेरा पोटाशी धरला. आज्या लगेच बोलायला लागल्या. एकीने विचारलं, “बापू, तू कायले वाकून रायला?” मी सांगितलं, बाबा असेच काढत. तिला बाबा आठवत होते. पांढरी पँट, सायकल, आणि बारा झाले की ‘संपले’ म्हणून हात वर करणं. मीही त्या दिवशी एका आजीचे बाराच फोटो काढायचे असं ठरवलं. कार्डात जागा हजारोंची होती. बाराच्या अटीने माझा हात सावध झाला, प्रत्येक क्लिकआधी मी घुगऱ्यांकडे, बलियांकडे, मागच्या भिंतीकडे बघू लागलो. हे माझ्या जुन्या कॅमेऱ्यावरही करता आलं असतं, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. इतकी वर्षं केलं मात्र नव्हतं.

दोन दिवसांतून उपयोगी पडतील असे नऊ फोटो निघाले. त्यातले दोन, आणि बाबांची १९७९ची ती निगेटिव्ह, असे तीन प्रिंट साठ इंचाला मारले. पाणी न लागणाऱ्या कापडात गुंडाळून तांड्यावर नेले, समाजमंदिराच्या भिंतीला लावले. १९७९मधल्या बाईची लेक आता साठीला आली आहे. ती आईच्या प्रिंटपुढे बराच वेळ काही बोलली नाही. मग जवळ गेली आणि कांचळीच्या डाव्या अंगाच्या एका आरशावर बोट ठेवलं. “हा मायनं नाई लावला. हा म्या लावला होता.” मी वाकून पाहिलं. बाकीच्या आरशांभोवती टाके एकाला एक लागून होते. त्या एकाभोवती दोन ठिकाणी फट होती. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती, आईकडे बसून शिकत होती. “दोरा कमी पडला होता. मायनं तसाच राहू देला.”

नंतर मी माझ्या दोन प्रिंटांपैकी एकाकडे तिला नेलं. तिथेही तिने बोट फिरवत सांगितलं, हे कोणाच्या हातचं, ते कोणाच्या, हा आरसा काचेचा आणि हा बदललेला प्लास्टिकचा. प्लास्टिकचा आरसा मला स्क्रीनवर कळला नव्हता. तोच फोटो मी चोवीस मेगापिक्सेलवरही घेऊन ठेवला होता आणि त्याचाही तेवढाच प्रिंट सोबत नेला होता. तो दाखवल्यावर ती म्हणाली, “चांगला आहे,” आणि पुन्हा पहिल्याकडे वळली.

यंत्र बदलायचं नाही, असं मी ठरवलं आहे. लग्नाचा कॅमेरा लग्नाला राहील, कर्ज काढणार नाही. पण दरवर्षी रामनवमीच्या आधी आठ दिवस मीडियम फॉरमॅट भाड्याने आणायचा, लेन्समध्ये शटर असलेला मिळाला तर तो, आणि त्या आठ दिवसांत फक्त आज्या. भाड्याचे पैसे मी लग्नाच्या हंगामात बाजूला टाकतो. मानोरा, दिग्रस आणि पुसदच्या बाजूचे मिळून सहा तांडे धरले आहेत. अजूनही पूर्ण पोशाख सणावाराला घालणाऱ्या बायांची यादी तांड्यावरच्या पोरींनीच करून दिली. यादी उलट्या क्रमाने लावली आहे, सगळ्यात थकलेली आजी सगळ्यात आधी. बाबांच्या पेटीतली बाकीची पाकिटंही एकेक करून उतरवतोय. ज्या घरची निगेटिव्ह सापडते त्या घरी तिचा प्रिंट आधी पोचवायचा आणि मग नवा फोटो मागायचा, असं ठरवलं आहे.

यादीत त्या लेकीचंही नाव आहे. मागच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी ती स्टुडिओत येऊन गेली. नवी कांचळी घालू का जुनी, असं विचारत होती. मी म्हटलं, जुनी. तर म्हणाली, जुनीचे दोन आरसे निघाले आहेत, तेवढे लावून घेते, काचेचे कुठं मिळतात ते बघ.