आजोबांच्या घड्याळाचं खरं वय

बालमित्रांनो, तुमच्या घरात कपाटाच्या एखाद्या खणात जुनं मनगटी घड्याळ पडलंय का? असेल तर आईबाबांना विचारून ते बाहेर काढा आणि हातात घेऊनच पुढचं वाचा.

आमच्या घरी असं एक घड्याळ आहे. आजोबांचं, सेको कंपनीचं. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. कोयनेचा मोठा भूकंप झाला तो याच भागात. आजोबा ती गोष्ट नेहमी सांगायचे. "११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. जमीन हलली तसा उशाखालून हेच घड्याळ काढलं आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पळालो. निजताना चावी दिली होती. भिंती पडल्या, पण हे पठ्ठ्या थांबलं नाही!" आम्ही नातवंडं त्या घड्याळाकडे देवासारखं बघायचो.

आजोबा गेले. गेल्या दिवाळीत घड्याळही बंद पडलं, म्हणून मी ते कराडच्या एका घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ पालथं केलं आणि विचारलं, "कितीचं म्हणता हे?"

"१९६७ च्या आधीचं," मी ऐटीत म्हणालो.

"अहो, हे तर १९७१ च्या डिसेंबरचं!"

मी चाटच पडलो. त्यांनी ते कसं ओळखलं, ऐका. जुन्या सेकोच्या मागच्या झाकणावर दोन क्रमांक असतात. एकाचे पहिले चार आकडे म्हणजे आतल्या मशीनचा नंबर. आमच्यावर होता ६११९. दुसऱ्या क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, आणि त्यापुढचा महिना. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, शून्य म्हणजे ऑक्टोबर, इंग्रजी 'एन' म्हणजे नोव्हेंबर आणि 'डी' म्हणजे डिसेंबर. आमच्या घड्याळावर होतं १ आणि डी.

तुम्ही म्हणाल, सालाचा शेवटचा आकडा १, मग १९६१ का नाही? किंवा १९८१? इथेच तर गंमत आहे. ६११९ हे मशीन साधारण १९६८ ते १९७६ या काळात बनत होतं. त्या काळात १ ने संपणारं साल एकच, १९७१!

"पण झाकण बदललेलं असलं तर?" मी शेवटचा प्रयत्न केला. घड्याळजी हसले आणि त्यांनी झाकण उघडलं. आत मशीनवरही ६११९ कोरलेलं होतं. वर अर्ध्या चंद्रासारखं एक वजन होतं. त्याला रोटर म्हणतात. आपला हात हलला की तो फिरतो आणि आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. "हे ऑटोमॅटिक आहे. याला चावी देताच येत नाही," ते म्हणाले.

आणि आजोबा तर म्हणायचे, निजताना चावी दिली होती!

ते पुढे म्हणाले, "घड्याळाच्या तोंडावर जाऊ नका, पोटात बघा. तबकडी नवी रंगवता येते, काटे बदलता येतात." त्यांनी आणखीही खुणा सांगितल्या. जुन्या सिटिझनच्या क्रमांकात पहिला आकडा सालाचा आणि पुढचे दोन महिन्याचे. एचएमटीची घड्याळं १९६१ साली सिटिझनच्याच सहकार्याने बेंगळुरात बनू लागली, म्हणून कुणी १९५० ची एचएमटी दाखवली तर खुशाल हसा. स्विस घड्याळाच्या तबकडीवर तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' असेल, तर अंधारात चमकणारा रंग ट्रिशियमचा. त्याआधीच्या काळात रेडियम वापरत, आणि ते अपायकारक असतं. म्हणून जुन्या घड्याळाची काच किंवा झाकण स्वतः उघडायचं नाही, बरं का!

घरी येताना मला रागच आला होता. आजोबा आम्हाला इतकी वर्षं खोटं सांगत होते? मी तडक आजीला विचारलं.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, ते घड्याळ निराळं. चावीचं. माझ्या वडिलांनी लग्नात ह्यांना दिलेलं. भूकंपात मागची भिंत पडली. पावसाच्या आधी पत्रे घालायला पैसे नव्हते. ह्यांनी ते विकलं आणि मला सांगितलं, हरवलं म्हणून. पुढे चार-पाच वर्षांनी बोटीवर नोकरी करणारा माझा भाऊ आला, त्याने हे आणलं. तेव्हापासून ह्यांनी हेच 'ते' करून टाकलं."

"पण आजी, विकलं हे तुला कसं कळलं?"

"कराडच्या दुकानात काचेमागे पाहिलं ना मी! वडिलांनी दिलेलं, ओळखणार नाही होय? पण बोलले नाही. त्यांना वाईट वाटलं असतं."

बघा दोस्तांनो, झाकणावरच्या दोन खुणांनी आमच्या घरातली किती जुनी गोष्ट बाहेर काढली! आजोबांनी सांगितलेली वेळ खरी होती, भूकंप खरा होता. खोटं होतं फक्त घड्याळ, आणि त्यामागे होतं डोक्यावरचं छप्पर.

आता ते सेको पुन्हा चालू झालंय. त्याच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर दोन्ही घड्याळांची हकिगत लिहिली आहे, आजीने सांगितली तशी.

तुमच्या हातातलं घड्याळ पालथं करून बघा. आकडे वहीत उतरवून घ्या. आणि मग ती वही घेऊन आजी-आजोबांजवळ जाऊन बसा. आकडे साल सांगतील, पण पुढचं त्यांनाच विचारावं लागेल.